चिवट झालेले गजकर्ण : ओळखण्यापासून पूर्ण बरे होईपर्यंत

गजकर्ण किंवा नायटा हा आजार कोणालाच नवा नाही. जांघेत, कमरेवर किंवा काखेत गोलसर, लालसर, कडेला खवले असलेला चट्टा उठतो, त्याला असह्य खाज सुटते, आणि जुन्या अनुभवावरून घरातली माणसे असे धरून चालतात की एखादे मलम आठवडा-दोन आठवडे लावले की तो जाईल. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात हे गणित बदलले आहे. चट्टा मलमाने फिका होतो, मलम थांबवताच दुप्पट होऊन परततो, जांघेतून पोटावर, नितंबांवर आणि काहींच्या बाबतीत चेहऱ्यावर पसरतो, आणि काही महिन्यांत घरातल्या प्रत्येकाला होतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत आज असे रुग्ण रोज दिसतात. यामागे दोन कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. एक म्हणजे बुरशीचा बदललेला प्रकार, आणि दुसरे म्हणजे दुकानातून आपण स्वतःहून विकत आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे. दुसरे कारण पूर्णपणे आपल्या हातात आहे, म्हणून हा लेख तिथूनच सुरू करतो.

पहिली पायरी : मलमाची ट्यूब वाचा

आता जे मलम लावत आहात त्याची ट्यूब आणि खोका समोर घ्या आणि बारीक अक्षरांत छापलेले घटक वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, हॅलोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव त्यात असेल, तर ते मलम स्टेरॉइडयुक्त आहे. बहुतेक वेळा त्याच ट्यूबमध्ये बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड अशी तीन-चार औषधे एकत्र कालवलेली असतात, आणि ‘बुरशी, जंतू, खाज सगळ्यांवर एकच’ म्हणून ती पुढे केली जाते.

स्टेरॉइड लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते आणि लाली उतरते, त्यामुळे रुग्णाला औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात खाज आणि लाली ही बुरशीची कामे नसून तिच्याशी झुंजणाऱ्या आपल्या प्रतिकारशक्तीची लक्षणे असतात. स्टेरॉइड ती झुंज थांबवते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. चट्ट्याची ठसठशीत कडा पुसट होते, कड्याच्या आत दुसरे कडे उमटते, आणि आजाराचे रूप इतके बदलते की डॉक्टरांनाही तो चटकन ओळखू येत नाही. स्टेरॉइडमुळे असे वेषांतर केलेल्या गजकर्णाचे वर्णन ब्रिटनमधील डॉक्टरांनी १९६८ सालीच केले होते. आपल्याकडे मात्र ते आज रोजचे चित्र झाले आहे. जांघ आणि मांडीच्या नाजूक त्वचेवर अशी मलमे महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते आणि गरोदरपणात पोटावर उमटतात तसे पांढरट-जांभळे पट्टे पडतात. गजकर्ण बरे होते, पण हे पट्टे कायमचे राहतात. विशी-पंचविशीतल्या मुलामुलींच्या मांड्यांवर ते पाहताना फार वाईट वाटते, कारण यातले जवळजवळ सगळे नुकसान टाळता येण्यासारखे असते.

केंद्र सरकारने २०१८ साली त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडे अनुसूची एचमध्ये स्पष्टपणे आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्याच वर्षी अशास्त्रीय ठरवलेल्या ३२८ औषध-मिश्रणांवर बंदी आली आणि त्यांत त्वचेच्या मलमांचाही समावेश होता. नियम असले तरी दुकानात नुसते ‘खाजेचे मलम द्या’ म्हटले तर अजूनही अनेक ठिकाणी अशीच ट्यूब हातात पडते, त्यामुळे वाचायची जबाबदारी आपल्यालाच घ्यावी लागते. अंगावरच्या गजकर्णाला लावलेले असे मलम लगेच बंद करावे. बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस खाज आणि लाली वाढते, आणि नेमके याच टप्प्यावर बहुतेक लोक पुन्हा तीच ट्यूब उघडतात. या काळात खाजेसाठी सेटिरिझिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून घेता येते. चेहऱ्यावर बरेच महिने स्टेरॉइड लावले गेले असेल, तर ते कसे थांबवायचे हे मात्र त्वचारोगतज्ज्ञांनीच ठरवावे, कारण तिथे एकदम थांबवल्यास चेहरा फार भडकू शकतो.

दुसरी पायरी : हे गजकर्णच आहे का

गजकर्णाचा चट्टा बाहेरच्या बाजूने वाढतो. कडा उंचावलेली, लाल आणि खवलेदार असते, तर मधला भाग तुलनेने शांत आणि स्वच्छ दिसतो. घाम आला की खाज वाढते. मात्र प्रत्येक गोल चट्टा गजकर्ण नसतो, आणि चुकीच्या आजारावर केलेले योग्य उपचारही वाया जातात.

चट्ट्यावर खाज नसेल आणि तिथे स्पर्श, ऊन-थंड किंवा टोचलेले कमी कळत असेल, तर कुष्ठरोगाची शक्यता तपासलीच पाहिजे. कापसाच्या बोळ्याचा हलका स्पर्श डोळे मिटून जाणवतो का, एवढे घरी पाहता येते. संशय आला तर लाज न बाळगता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तिथे कुष्ठरोगाची बहुविध औषधोपचार पद्धती मोफत मिळते, आणि लवकर सुरुवात केली तर विकृती टळते.

रात्री अंथरुणात खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुळ्या असतील आणि घरात अनेकांना एकाच वेळी त्रास होत असेल, तर ती बहुधा खरूज असते. खरूज बुरशीमुळे होत नाही. ती त्वचेत बोगदे करणाऱ्या सूक्ष्म किड्यामुळे होते आणि तिचे औषध वेगळे आहे. छाती-पाठीवरचे फिके किंवा तपकिरी, बारीक कोंड्याचे, फारशी खाज नसलेले डाग म्हणजे शिबे. तेही बुरशीचेच, पण निराळ्या जातीचे आणि सहसा एकाचे दुसऱ्याला न लागणारे असतात. कोपर, गुडघे आणि टाळूवर जाड, चांदीसारखे पापुद्रे असतील तर सोरायसिसचा विचार करावा लागतो. इसबात त्वचा ओलसर किंवा जाड होते, पण बाहेर सरकत जाणारे कडे नसते. भातलावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांमध्ये होणाऱ्या चिखल्या हा बुरशी, जंतू आणि सततच्या ओलीचा एकत्रित त्रास असतो, आणि तिथे बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे हा अर्धा उपचार आहे.

तिसरी पायरी : एक साधी चाचणी

शंका दूर करणारी चाचणी स्वस्त आणि जलद आहे. चट्ट्याच्या कडेवरचे खवले बोथट पात्याने हळुवार खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण टाकतात, आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. केओएच नावाने ओळखली जाणारी ही चाचणी दुखत नाही आणि अहवाल त्याच दिवशी मिळू शकतो. आधीच कुठलेही बुरशीनाशक मलम लावलेले असेल, तर बुरशी असूनही अहवाल नकारात्मक येऊ शकतो, म्हणून काय लावले आणि किती दिवस लावले ते न लपवता सांगावे. वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत नेणे सर्वांत उत्तम. आजार सहा महिन्यांहून जुना, शरीरभर पसरलेला किंवा उपचारांना दाद न देणारा असेल, तर डॉक्टर बुरशी वाढवून पाहण्याची चाचणीही सांगतात. तिला काही आठवडे लागतात.

बुरशी का बदलली

ही बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरात, केसांत आणि नखांत राहते आणि त्यांतल्या केराटिन या प्रथिनावर जगते. आपल्याकडे पूर्वी ट्रायकोफायटॉन रुब्रम ही जात प्रामुख्याने सापडत असे. गेल्या दशकात तिची जागा दुसऱ्याच एका जातीने घेतली. २०२० साली जपानमधील संशोधकांनी तिथे उपचार घेणाऱ्या नेपाळी आणि भारतीय रुग्णांच्या त्वचेतील बुरशीचा अभ्यास करून तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे स्वतंत्र नाव दिले.

टर्बिनाफिन हे गजकर्णाचे सर्वाधिक वापरले जाणारे औषध बुरशीच्या पेशीतील स्क्वालिन इपॉक्सिडेज या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालते. त्यामुळे बुरशीच्या पेशीभित्तीलगतच्या पडद्याला लागणारे एर्गोस्टेरॉल तयार होत नाही. या नव्या बुरशीच्या अनेक नमुन्यांत नेमक्या त्या विकराच्या जनुकात बदल आढळतात, त्यामुळे औषधाला चिकटायला जागाच मिळत नाही. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०१८ साली असे बदल असलेली बुरशी तिथल्या रुग्णांत मोठ्या प्रमाणावर दाखवून दिली. इट्राकोनॅझोलसारखी औषधे एर्गोस्टेरॉल बनण्याच्या त्याच साखळीतल्या पुढच्या, वेगळ्या विकरावर काम करतात, म्हणून टर्बिनाफिन हरले तरी ती बहुधा चालतात.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. २०२३ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्कमधील दोन महिलांमध्ये ही बुरशी आढळल्याचे प्रसिद्ध केले, आणि त्यांतली एक अलीकडे परदेशी गेलेलीच नव्हती. तिथल्या सर्वच डॉक्टरांना हा प्रकार परिचित असेल असे नाही. भारतात जाऊन आल्यावर गजकर्ण उठले आणि टर्बिनाफिनने हटले नाही, तर प्रवासाची माहिती आणि भारतातील नातेवाइकांना असलेला त्रास डॉक्टरांना स्पष्ट सांगावा.

चौथी पायरी : मलम कोणते, किती आणि कुठपर्यंत

चट्टे थोडे आणि नवे असतील, आधी स्टेरॉइड लावलेले नसेल, तर फक्त बुरशीनाशक असलेले मलम पुरते. क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल, सर्टाकोनॅझोल, सायक्लोपिरॉक्स, अमोरोल्फिन यांपैकी एक डॉक्टर निवडतात. निवडीइतकीच लावण्याची रीत महत्त्वाची असते, आणि दुर्दैवाने ती दवाखान्याच्या घाईत सांगायची राहून जाते.

अंघोळ करून त्वचा पूर्ण कोरडी करावी. मलम दिसणाऱ्या कडेच्या बाहेर साधारण २ सेंटिमीटरपर्यंत लावावे, कारण बुरशी डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या पुढे गेलेली असते. दिवसातून एकदा की दोनदा हे औषधानुसार ठरते. चट्टा पूर्ण दिसेनासा झाल्यानंतरही किमान २ आठवडे मलम चालू ठेवावे.

आता प्रमाणाचे बोलू. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत मलमाची रेघ काढली तर ती सुमारे अर्धा ग्रॅम भरते, आणि तेवढे मलम हाताच्या (बोटांसह) दोन तळव्यांएवढ्या त्वचेला पुरते. चट्टे एकूण चार तळव्यांएवढे असतील आणि मलम दिवसातून दोनदा लावायचे असेल, तर रोज २ ग्रॅम लागतात. म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब आठवडाभरात संपली पाहिजे. तीच ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर उपचार झालेले नाहीत असेच समजावे. घरात तिघांना आजार असताना एकच ट्यूब तिघांत वाटून वापरणे हे काटकसरीचे दिसते, पण त्यात तिघेही अर्धवट बरे होतात.

बिब्बा, रुईचा चीक, रॉकेल किंवा ब्लेडने खरवडून त्यावर लिंबू-मीठ हे प्रकार कृपया करू नयेत. बिब्ब्याने आणि चिकाने त्वचा अक्षरशः भाजते, जखमेत जंतू शिरतात, आणि बुरशी शेजारच्या शाबूत त्वचेवर सरकते. टाकळ्याचा उपयोग आयुर्वेदाच्या परंपरेत सांगितलेला आहे. पण आजच्या चिवट, पसरलेल्या गजकर्णावर घरी वाटलेल्या लेपाच्या भरवशावर राहून महिने घालवू नयेत. सॅलिसिलिक आणि बेंझोइक आम्ल असलेले व्हिटफिल्डचे जुने मलम मात्र आजही उपयोगी आहे, विशेषतः जाड त्वचेवर. जांघेत आणि गुप्तांगाजवळ ते फार झोंबते, म्हणून तिथे टाळावे.

पाचवी पायरी : पोटात घ्यायचे औषध

चट्टे अनेक असतील, वारंवार परतत असतील, स्टेरॉइड लावून झालेले असेल, किंवा टाळू वा नखांना आजार असेल, तर गोळ्यांची गरज पडते. मुलांच्या टाळूवर खवले धरून केस गळत असतील तर नुसत्या मलमाने भागत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात बसलेली असते.

तोंडाने घ्यायची बुरशीनाशके मोजकीच आहेत. ग्रिसिओफुल्विन १९३९ साली एका बुरशीतूनच वेगळे काढले गेले आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस माणसांच्या उपचारांत आले. त्यानंतर फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल आणि टर्बिनाफिन आली. बुरशीच्या पेशी जिवाणूंपेक्षा आपल्या पेशींशी अधिक मिळत्याजुळत्या असल्याने, आपल्याला इजा न करता त्यांना मारणारे औषध शोधणे कठीण जाते. म्हणून हाताशी असलेली औषधे अर्धवट वापरून वाया घालवणे परवडणारे नाही.

यांतले कोणते चालते, याचा एक नीटस अभ्यास बनारस हिंदू विद्यापीठात झाला आणि २०२० साली प्रसिद्ध झाला. २०० रुग्णांचे चार गट करून प्रत्येक गटाला एक औषध देण्यात आले. ८ आठवड्यांनंतर पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण इट्राकोनॅझोलच्या गटात ६६ टक्के, फ्लुकोनॅझोलच्या गटात ४२ टक्के, टर्बिनाफिनच्या गटात २८ टक्के आणि ग्रिसिओफुल्विनच्या गटात अवघे १४ टक्के होते. माझ्या मते या आकड्यांतून दोन गोष्टी घ्यायला हव्यात. आज भारतातले बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ इट्राकोनॅझोलकडे का वळतात ते यातून कळते. आणि सर्वांत चांगले औषध दोन महिने घेऊनही तिघांतला एक जण पूर्ण बरा झालेला नव्हता, हेही कळते. त्यामुळे ‘पंधरा दिवसांचा कोर्स’ ही कल्पनाच सोडून द्यावी.

पुढे दिल्लीत इट्राकोनॅझोलच्या रोज १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम अशा तीन मात्रांची तुलना झाली. त्यात बरे होणाऱ्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही, म्हणून मात्रा स्वतःहून वाढवण्यात अर्थ नाही. या औषधाची कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्यावी, कारण ती शोषली जाण्यासाठी पोटात आम्ल आणि अन्न लागते. आम्लपित्ताच्या गोळ्या सोबत घेतल्या तर कॅप्सूलचा बराचसा भाग वाया जातो. हृदय कमकुवत असलेल्यांनी इट्राकोनॅझोल टाळायचे असते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, हृदयाचे ठोके नियमित करणारी आणि रक्त पातळ करणारी काही औषधे यांच्याशी त्याचा धोकादायक संयोग होतो. चालू असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव डॉक्टरांना सांगावे, मग ते कितीही किरकोळ वाटो. दीर्घ उपचारांत यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. भूक मरणे, लघवी गडद होणे किंवा डोळे पिवळे दिसणे यांपैकी काही घडले तर गोळी थांबवून लगेच दाखवावे. गरोदर स्त्रियांनी आणि गर्भधारणेचा विचार असलेल्यांनी ते आधीच सांगावे. त्यांच्या बाबतीत डॉक्टर बहुधा फक्त मलमावर भर देतात.

पसरलेले गजकर्ण असणाऱ्या प्रौढांनी रक्तातील साखर एकदा तपासून घ्यावी. मधुमेह काबूत नसेल तर त्वचेवरील बुरशीही लवकर हटत नाही.

सहावी पायरी : कपडे, करदोटा आणि घरातली माणसे

औषध अचूक असूनही आजार परततो, तेव्हा कारण बहुतेक वेळा घरातच असते. झडलेल्या खवल्यांत बुरशी कपड्यांवर आणि अंथरुणावर दीर्घकाळ जिवंत राहते. साध्या गार पाण्याच्या धुण्याने ती मरतेच असे नाही. अंतर्वस्त्रे, टॉवेल, चादरी आणि मोजे ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात धुवावेत. यंत्र नसेल तर कढत पाण्यात अर्धा तास भिजवून मग धुवावेत, आणि रुग्णाचे कपडे इतरांच्या बादलीत एकत्र करू नयेत. उन्हात उलटे करून वाळवावेत. कोकणात पावसाळ्यात चार महिने ऊन मिळत नाही, तेव्हा आतल्या बाजूने, विशेषतः शिवणींवर, गरम इस्त्री फिरवावी. दमट अंतर्वस्त्र अंगावर वाळू देण्याची सवय असलेल्या घरांत गजकर्ण हटत नाही.

कमरेचा करदोटा, मनगटावरचे गंडे-दोरे आणि घट्ट अंगठ्या यांखाली घाम आणि बुरशी दोन्ही साचतात. धाग्यामागची श्रद्धा मी समजू शकतो, पण उपचार पूर्ण होईपर्यंत तो काढून ठेवावा, आणि पुन्हा बांधायचा तर नवा बांधावा. परकराच्या नाडीचा काच बसतो तिथे अनेक स्त्रियांना कंबरभर गजकर्ण होते. नाडी थोडी सैल आणि रुंद असावी, आणि तिची गाठ रोज वेगळ्या जागी घ्यावी. घट्ट जीन्स आणि कृत्रिम धाग्याचे लेगिंग्ज काही महिने बाजूला ठेवून सुती, सैल कपडे वापरावेत.

घरातील सगळ्यांना एकाच दिवशी तपासून, ज्यांना आजार आहे त्या सर्वांचे उपचार एकाच वेळी सुरू करावेत. ही गोष्ट सगळ्यांत कठीण जाते, कारण जांघेतला आजार सांगायची लाज वाटते, आणि घरातील स्त्रिया तर खर्च वाचवण्यासाठी स्वतःचा त्रास शेवटपर्यंत लपवतात. कुटुंबप्रमुखाने हे स्वतः विचारावे. गोठ्यातल्या वासरांच्या तोंडाभोवती राखाडी, केस गेलेले जाड चट्टे असतील, किंवा घरातल्या मांजरा-कुत्र्याचे केस गोलाकार जात असतील, तर पशुवैद्याला दाखवावे, कारण त्यांच्याकडूनही हा आजार माणसांना होतो. नखे पिवळी आणि ठिसूळ झाली असतील तर तीही दाखवावीत. नखांत बुरशी राहिली तर तिथून ती पुन्हा अंगावर येते.

सातवी पायरी : बरे झाल्याचे कसे ठरवावे

खाज थांबणे म्हणजे बरे होणे नव्हे. चट्ट्याची कडा सपाट झाली पाहिजे, खवले पूर्ण गेले पाहिजेत, बोट फिरवल्यावर त्वचा शेजारच्या त्वचेसारखी लागली पाहिजे, आणि शक्य असेल तर केओएच चाचणी पुन्हा करून ती नकारात्मक आली पाहिजे. उपचार सुरू करताना प्रत्येक चट्ट्याचे छायाचित्र काढून ठेवले आणि दर पंधरा दिवसांनी त्याच प्रकाशात पुन्हा काढले, तर सुधारणा होते आहे की नाही ते स्वतःला आणि डॉक्टरांना नेमके दिसते. चार आठवड्यांत काहीच फरक नसेल तर डॉक्टर न बदलता त्यांच्याकडेच परत जावे. दर वेळी नवा डॉक्टर गाठला की दर वेळी उपचारांची सुरुवात पहिल्यापासून होते.

आजार गेल्यावर त्या जागी तपकिरी-काळा डाग उरतो, आणि अनेकांना आजार अजून शिल्लक आहे असे वाटते. तो डाग दाहानंतर साचलेल्या रंगद्रव्याचा असतो, त्यात बुरशी नसते, आणि तो काही महिन्यांत आपोआप फिका होत जातो. साधे व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावले तरी पुरते. डाग घालवण्यासाठी म्हणून दुकानात जे रंग उजळवणारे मलम पुढे केले जाते, त्यात हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनसोबत मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन असू शकते, म्हणून खरेदीआधी त्याचाही खोका वाचून पाहावा.